परक्या गावची बिनतारी पाणपोई

परदेशी निघालेल्या माणसाच्या सामानात पूर्वी लोणच्याची बरणी हमखास असे. आता तिच्या शेजारी लॅपटॉप असतो, आणि मुक्कामाला पोचल्यावर माणूस पाणी मागण्याआधी वाय-फायचा परवलीचा शब्द मागतो! या 'वाय-फाय'ची व्युत्पत्ती शोधू जाल तर मात्र निराश व्हाल. १९९९ साली नावे घडवून देणाऱ्या एका कंपनीने तो शब्द बाजारासाठी बेतला. त्याला ना धातू, ना प्रत्यय. तरी आज जगभरच्या प्रवाशांचा संसार त्याच्यावर चालतो.

लंडनला गेलात तर ब्रिटिश लायब्ररीत ही नवी पाणपोई पाहावी. युस्टन रस्त्यावरच्या या लाल विटांच्या वास्तूचे उद्घाटन १९९८ साली राणी एलिझाबेथच्या हस्ते झाले. अंगणात पाओलोत्सीने घडवलेला ब्राँझचा न्यूटन ओणवा होऊन कर्कटक चालवीत बसला आहे. आत सहा मजली काचेच्या मनोऱ्यात तिसऱ्या जॉर्जचा ग्रंथसंग्रह आहे. वाचनकक्षांत जायला ओळखपत्र लागते. पण बाहेरच्या दालनांत कुणीही यावे, टेबलाशी बसावे, लॅपटॉप उघडावा. वाय-फायला दाम नाही.

मी तेथे गेलो तो जुनी मराठी पुस्तके पाहायला. दुपारचे दोन वाजले की उपाहारगृहाचा कोपरा गाठी. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. तेथले दोन म्हणजे पुण्यातली दिवेलागण. आई पडद्यावर येई, तुळशीपुढचा दिवा दाखवी आणि विचारी, "जेवलास का रे?" समोरच्या टेबलावरची एक विद्यार्थिनी आपल्या आईशी हलक्या आवाजात बोलत असे. तिची भाषा मला कळत नव्हती. प्रश्न बहुधा तोच असावा.

पण पाणपोईवर पाणी प्यावे, कनवटीची पुरचुंडी सोडू नये. विमानतळावर किंवा कॉफीच्या दुकानात एकाच नावाची दोन जाळी दिसली, तर एक खरे आणि दुसरे कुणा भामट्याने मांडलेले असू शकते. खरे नाव तेथल्या माणसालाच विचारावे. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असले, म्हणजे तुमचे बोलणे वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण पलीकडचा इसम सज्जन आहे, अशी हमी त्यातून मिळत नाही. बँकेचे काम शक्यतो आपल्या मोबाइलच्या जोडणीवरूनच करावे.

आणखी एक. आईच्या औषधांचे पैसे परदेशातून भरायला बसलात, की बँक ओटीपी मागते. तो येतो आपल्या भारतातल्या क्रमांकावर. नुसत्या वाय-फायच्या भरवशावर राहू नये. निघण्यापूर्वीच त्या कार्डाची रोमिंग सेवा चालू करून घ्यावी. विलायतेतल्या भिंतीतली भोके चौकोनी असतात, आपल्या गोल पिनांना ती दाद देत नाहीत. तेव्हा जोडणीचा ठोकळाही सोबत हवा.

या ओटीपीचा अनेकांना जाच वाटतो. त्यांनी याच ग्रंथालयाची हकिकत ऐकावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये दरोडेखोरांनी त्याच्या संगणकांत शिरून माहिती पळवली आणि खंडणी मागितली. ग्रंथालयाने ती दिली नाही. सूचीसुद्धा वाचकांना जानेवारी २०२४ पर्यंत दिसेनाशी झाली. पुस्तके फडताळात, पण कोठे आहेत ते सांगणारे यंत्र मुके! चोर बहुधा ज्या वाटेने आत शिरले, तेथे ओटीपीसारख्या दुसऱ्या ओळखीची अट नव्हती, हे ग्रंथालयाने २०२४ च्या आपल्या अहवालात उघडपणे सांगितले.

एवढे होऊनही त्या दालनांतले वाय-फाय पाहुण्यांना मोकळेच आहे, याचे मला फार कौतुक वाटते. घर यजमानाने उघडे ठेवले आहे. आपल्या ट्रंकेचे कुलूप मात्र आपणच लावायचे.