विचारलं नाही, म्हणजे गरज नव्हती असं नाही

‘एआय आपले निर्णय समजावून सांगेल का?’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. प्रश्न योग्य आहे. माझं काम मात्र त्याच्या पुढच्या पायरीवर चालतं. यंत्राचं उत्तर वापरणाऱ्या माणसाला स्पष्टीकरणाची गरज नेमकी कोणत्या क्षणी पडते आणि तो क्षण यंत्राला आधी ओळखता येईल का, हे मी शोधतो.

‘त्यात शोधायचं काय? प्रत्येक वेळी कारण दाखवा,’ असं मला व्याख्यानानंतर हमखास ऐकवलं जातं. या सूचनेचा मला आता खरोखर थकवा आला आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत रांग दारापर्यंत आलेली असताना छातीच्या प्रत्येक एक्स-रेसोबत रंगीत नकाशा आणि टक्केवारी वाचत बसायला वैद्यकीय अधिकाऱ्याला वेळ कुठून मिळणार? शिवाय स्पष्टीकरण दाखवल्याने माणूस सावध होतोच असं नाही. 2021 मध्ये गगन बन्सल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलट चित्र दिसलं. स्पष्टीकरण जोडलं की लोक यंत्राचा सल्ला अधिक मानतात. तो बरोबर असला तरी मानतात आणि चुकीचा असला तरी मानतात.

स्टॅनफर्डमध्ये 1970च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ तयार केलं, तेव्हा गोष्ट सोपी होती. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणतं प्रतिजैविक द्यावं, हे ते सुचवायचं. डॉक्टरने ‘का?’ असं टाइप केलं की ज्या नियमावरून प्रश्न आला तो नियम पडद्यावर येई. विचारायचं की नाही, हे डॉक्टरने ठरवायचं. आजच्या न्यूरल नेटवर्कमध्ये दाखवण्याजोगे नियमच नसतात, प्रशिक्षणातून घडलेले असंख्य आकडे असतात. म्हणून 2016 मध्ये ‘लाइम’ आणि 2017 मध्ये ‘शॅप’ या पद्धती आल्या. उत्तरावर कशाचा किती भार पडला, याचा त्या अंदाज देतात. ती यंत्राची कबुली नव्हे, हे लोकांना सांगून पटत नाही. चॅटबॉटला ‘असं का म्हणालास?’ विचारलं की तो छान परिच्छेद लिहून देतो आणि आपण तोच पुरावा समजतो. 2023च्या एका अभ्यासात नमुन्यादाखल दिलेल्या प्रश्नांची बरोबर उत्तरं मुद्दाम पहिल्या पर्यायात ठेवली होती. मॉडेल त्या ओढीने पहिल्या पर्यायाकडे झुकलं, पण स्वतःच्या स्पष्टीकरणात त्याने त्या ओढीचा उल्लेख केला नाही.

आता गरज ओळखण्याकडे येतो. एरिक हॉर्विट्झ यांनी 1999 मध्ये यंत्राने मध्ये कधी बोलावं याचा हिशेब मांडला. मदत हवी असताना दिली तर फायदा किती आणि नको असताना दिली तर नुकसान किती, या दोन्हींचा मेळ घालून एक उंबरठा काढायचा. माणसाला मदत हवी असण्याची शक्यता त्याच्या वर गेली तरच बोलायचं. ही मांडणी मला आजही सुंदर वाटते. ती शक्यता काढायला आम्ही खुणा वापरतो: माउस कुठे थबकला, नेहमीपेक्षा वेळ जास्त लागला का, यंत्राची खात्री किती होती, आणि सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे माणसाची अपेक्षा आणि यंत्राचं उत्तर यांतली तफावत. लोकल वेळेवर आली की उद्घोषणेकडे कुणाचं लक्ष नसतं. उशीर झाला की सगळा फलाट कान देतो. स्पष्टीकरणाची मागणी अशीच अपेक्षाभंगातून येते.

आमच्या क्षेत्राशी माझा वाद इथेच आहे. मागणी म्हणजे गरज, असं बहुतेक जण धरून चालतात.

एका ग्रामीण रुग्णालयातल्या एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नोंदी माझ्याकडे तपासायला आल्या होत्या. सॉफ्टवेअर ‘संशयास्पद’ म्हणे आणि डॉक्टरांना फिल्म स्वच्छ दिसे, तेव्हा त्या ‘कारण’चं बटण दाबत. दोघांचं मत जुळलं की पुढची फिल्म. अशाच एका जुळलेल्या ‘नॉर्मल’मध्ये मधुमेह असलेल्या एक बाई होत्या. खोकला हटेना म्हणून त्या पुन्हा आल्या, तेव्हा थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. मधुमेहींमध्ये क्षयाचे डाग नेहमीच्या वरच्या भागाऐवजी फुप्फुसाच्या खालच्या भागात दिसण्याचं प्रमाण अधिक असतं. ‘अशा फिल्म मी कमी पाहिल्या आहेत’ एवढं एक वाक्य त्या दिवशी पडद्यावर हवं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून आलं नाही. ती फिल्म माझ्या मनातून अजून जात नाही.

अशा नोंदींवर भाकीत करणारं मॉडेल शिकवलं, तर ही फिल्म त्याच्यासाठी ‘गरज नव्हती’चं उदाहरण ठरते. मॉडेल बटण कधी दाबलं जाईल ते अचूक सांगू लागतं, शोधनिबंधात आकडे चांगले येतात आणि सर्वांत धोकादायक क्षणी गप्प राहायला ते शिकतं. थुंकीच्या निकालावरून गरज ठरवावी म्हटलं, तर दुसरी अडचण येते: ज्यांना दोघांनी ‘नॉर्मल’ ठरवलं त्यांची थुंकी बहुतेकदा तपासायला जातच नाही. चूक जिथे दडलेली असते, तिथलाच निकाल आपल्या हाती नसतो. संख्याशास्त्र कितीही भारी वापरलं, तरी न गोळा केलेली माहिती त्यातून निर्माण होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पंधरा वर्षं आणि त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीसाठी एक्स-रे वाचणारी सॉफ्टवेअर वापरायला मान्यता दिली. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या तालुक्यांत ती वरदान आहेत, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच ती विकत घेणाऱ्या समित्यांना माझी विनंती आहे. निविदेत ‘स्पष्टीकरणाची सोय असावी’ एवढी एकच ओळ लिहून थांबू नका. डॉक्टर आणि यंत्र दोघांनी ‘नॉर्मल’ ठरवलेल्या फिल्मपैकी काही चिठ्ठी टाकून निवडा, त्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा आणि त्या रुग्णांची थुंकी तपासा. काही फिल्मवर यंत्राचं उत्तर उघडण्याआधी डॉक्टरांचं मत नोंदवून घ्या. दोन्हींचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.