कुंडीतला पिंपळ

जपानी मेपलची रोपं आता घरबसल्या मागवता येतात, आणि आपल्या गच्चीवर तो लाल पाला असावा असं वाटणारी माणसं आमच्या पडेगावातही भेटतात. मी त्यांना सरळ सांगतो, आणू नका. मेपलला हिवाळ्यात दीर्घ थंडी लागते. पानं गाळून पुरती विश्रांती मिळाली तरच तो पुढे जोमानं फुटतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा 10 अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी पुन्हा ऊनच. पुढे वैशाखात 40 च्या वर गेला आणि कोरडा वारा सुटला की त्या पातळ पानांच्या कडा करपतात. झाड लगेच मरत नाही, दरवर्षी खंगत जातं. ते मला बघवत नाही.

तांबडी पालवीच हवी तर पिंपळ लावा. फाल्गुन-चैत्रात फुटलेलं त्याचं कोवळं, तांबूस पान उन्हासमोर धरलं तर शीर न् शीर दिसते. मिटमिट्याच्या पुढे दौलताबादला जाऊन जुन्या भिंती न्याहाळा. दगडांच्या सांध्यात, जेमतेम मूठभर मातीवर पिंपळ उगवलेले दिसतात. अशा झाडाला कुंडी परकी नाही. त्याचं पान मात्र फारसं लहान होत नाही, म्हणून झाड हातभर तरी उंच ठेवावं. वीतभर पिंपळ बेढब दिसतो.

कुंडीतलं झाड वर्षानुवर्षं टिकतं ते मुळांवर. मृगाचा पाऊस स्थिरावला की मी कुंडी आडवी करून झाड अलगद ओढतो. कडेनं गोल गोल फिरून मुळांचा घट्ट वेढा झालेला असतो. बांबूच्या काडीनं तो बाहेरून आत सोडवत जायचं, घाई केली की बारीक मुळं तुटतात. खाली जाणारं जाड मूळ धारदार कात्रीनं कापलं की पांढरा चीक येतो. तंतुमुळं राखायची, पाणी तीच ओढतात. साधारण तिसरा हिस्सा मुळं काढावी, त्याहून जास्त नको. नंतर काही आठवडे झाड सावलीत ठेवायचं. हे दर दोन-तीन वर्षांनी.

आपली काळी माती शेतात सोनं असेल, कुंडीत ती घात करते. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते. मी भाजक्या विटांचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे चाळून घेतो, धूळ टाकून देतो, त्यात मुरूम आणि जुनं शेणखत मिसळतो. तळाशी खड्यांचा थर देण्याची पद्धत मी सोडली आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही, उलट त्यांच्या वरच अडून राहतं. भोकावर जाळी पुरते.

नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बोअरचं द्यावं लागतं. त्यातले क्षार कुंडीच्या काठावर पांढरे साचतात आणि पानांची टोकं वाळवतात. पावसाचं पाणी साठवून अधूनमधून कुंडीतून भरपूर वाहू द्यावं. उन्हाळ्यात कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळावं; काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत तर पश्चिमेच्या उन्हानं त्या बाजूची मुळं अक्षरशः शिजतात.

तुमच्याकडे जुनं कुंडीतलं झाड असेल आणि घातलेलं पाणी वरच तुंबत असेल, तर खतावर पैसे घालू नका. येत्या मृगात ते कुंडीबाहेर काढून मुळं बघा.