मनोऱ्याचे भाडे

कान्हे स्थानकाजवळून टाकव्याच्या वाटेने आत वळले, की आंदर मावळ लागते. दोन्ही बाजूंस सह्याद्रीच्या रांगा, मधून वाहणारी आंध्रा नदी आणि ठोकरवाडीच्या धरणाचे विस्तीर्ण पाणी. श्रावणात येथील भातखाचरे अशी हिरवीगार दिसतात, की पाहणाराचे डोळे निवावेत. मात्र डोंगरांच्या आडोशामुळे मोबाईलचे बोलणे मध्येच तुटते. त्यामुळे या खोऱ्यातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या मुलाला जेव्हा ई-मेल आला, की ‘आपल्या खाचरात मोबाईलचा मनोरा उभारावयाचा आहे’, तेव्हा घरात कोणालाच संशय आला नाही.

या शेतकऱ्यास सारे गाव ‘आबा’ म्हणे. पत्र इंग्रजीत होते. वर सिंहमुद्रा होती. वीस लाख रुपये आगाऊ व शिवाय दरमहा भाडे मिळणार होते. त्यासाठी नोंदणीचे फक्त ४,८५० रुपये भरावयाचे होते. आबांनी ते भरले. आठ दिवसांनी दूरध्वनी आला, की आता कराचे अठरा हजार भरा. घरची दुभती म्हैस विकावी, असा विचार आबांच्या मनात घोळू लागला.

सातवीत शिकणारी नात कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, “आबा, ज्यांना आपल्याला वीस लाख द्यायचे आहेत, त्यांनी त्यांतूनच अठरा हजार कापून का घेऊ नयेत?”

या साध्या प्रश्नास उत्तर नव्हते. असे उत्तर आजवर कोणालाच देता आलेले नाही, कारण ही ठकबाजी फार जुनी आहे. फ्रान्समधील विदोक नावाच्या गृहस्थाने १८२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत तुरुंगातून धाडल्या जाणाऱ्या अशाच पत्रांचे वर्णन केले आहे. पुरलेला खजिना, अडचणीत सापडलेला मालक आणि त्यासाठी हवी असलेली थोडीशी रक्कम! पुढे ‘स्पेनच्या कैद्या’च्या नावाने अशी पत्रे इंग्लंड-अमेरिकेत जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस नायजेरियातून ती टपालाने व पुढे ई-मेलने निघाली. आपल्या जुन्या दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमावरून जसा ‘चारसोबीस’ हा शब्द रूढ झाला, तसा तेथे ‘चारशे एकोणीस’ हा शब्द रूढ झाला.

गावात मात्र इतक्या लांबचा विचार कोण करतो? पारावर बातमी पोहोचताच कोणी तरी म्हणाले, “हे जामताऱ्याचेच काम!” जामतारा हा झारखंडमधील एक जिल्हा. तेथील काही तरुणांनी बँकेचे अधिकारी असल्याची बतावणी करून अनेकांना लुबाडले, हे खरे आहे; २०२० साली त्यावर एक मालिकाही निघाली. पण त्याच जिल्ह्यातील करमाटार येथे ईश्वरचंद्र विद्यासागर आपल्या उत्तरायुष्यात राहिले, त्यांनी संथाळांना औषधे दिली, मुलींसाठी शाळा काढली आणि तेथील रेल्वे स्थानकास आज त्यांचेच नाव आहे, हे पारावर कोणाला ठाऊक असणार?

झारखंडचा एक तरुण त्याच गावात भाड्याने राहत असे व टाकव्याच्या कारखान्यात कामास जात असे. त्याचे घर रांचीच्या पलीकडे. जामतारा त्याने पाहिलेलेही नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी वाण्याने त्याची उधारी बंद केली. संध्याकाळी त्याच्याबरोबर चेंडूफळी खेळणारी मुले घरातून बाहेर पडेनात.

एका माणसाचे पाप साऱ्या जातीच्या किंवा मुलखाच्या माथी मारण्याची ही खोड आपल्याला नवी नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. पुढे आपल्याकडील पारधीही त्यांत ओढले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण पारध्याच्या पोराकडे पाहणारी नजर अद्याप पुरती निवळलेली नाही.

आणि फसणारा तेवढा अडाणी, असे तरी कोठे आहे? १९९५ ते १९९८ या काळात ब्राझीलमधील एका बँकेच्या बड्या अधिकाऱ्यानेच, नायजेरियात विमानतळ बांधावयाचा आहे या थापेवर भुलून, बँकेचे चोवीस कोटींहून अधिक डॉलर ठकांना दिले. त्या ठकांना पकडणारे अधिकारी नायजेरियाचे होते आणि २००५ साली शिक्षा ठोठावणारे न्यायालयही नायजेरियातील लागोसचेच होते.

आबांना यांतले काही ठाऊक नव्हते. त्यांना एकच गोष्ट आठवत होती. ते पारावर म्हणाले, “अरे, फोनवरचा माणूस तर आपल्यासारखेच चांगले मराठी बोलत होता!” कोणी लक्ष दिले नाही.

तेव्हा आबा नातीला घेऊन त्या तरुणाच्या खोलीवर गेले. तरुण दारातच गोंधळून उभा राहिला. आबांनी मोबाईल त्याच्या हाती दिला. “बाळ, हे इंग्रजी जरा नीट वाचून दाखव.” त्याने ते दोनदा वाचले व पाठविणाराच्या पत्त्यावर बोट ठेवले. तो पत्ता सरकारी नव्हता; कोणासही फुकट मिळतो तसला होता. मनोऱ्यासाठी सरकारचा दूरसंचार विभाग असे पैसे घेतच नाही, असेही त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले. मग त्याने १९३० हा क्रमांक लावून दिला. नातीने पैसे भरल्याची तारीख व व्यवहाराचा क्रमांक वहीतून वाचून दाखविला आणि तक्रार नोंदली गेली.

ते ४,८५० रुपये अजून परत आलेले नाहीत. म्हैस गोठ्यात आहे.

परतताना आबा त्या तरुणाला आपल्याबरोबर घेऊन निघाले. वाटेत वाण्याचे दुकान लागले. आबा पायरीवर टेकले व म्हणाले, “याला पाच किलो तांदूळ दे. आणि याच्या खात्यावरच मांड.”

वाणी क्षणभर घुटमळला. मग त्याने वही उघडली.