हिब्रू लेखकांच्या दारी

लेखकांची घरे पाहण्यास जाणे हा काहीसा भाबडा उद्योग आहे, हे आम्हांस मान्य आहे. लेखक भेटायचा तो पुस्तकात. घरात उरतात मेज, चष्मा, बंद घड्याळ आणि 'हात लावू नये' अशी पाटी. तरीही २०१९च्या मार्चमध्ये आम्ही दोघे इस्राएलला गेलो तेव्हा देवस्थानांपेक्षा अशा घरांची आणि कबरींचीच यादी आमच्या खिशात अधिक लांब होती. आमची हिब्रू जेमतेम अक्षरओळखीपुरती. हे सारे लेखक आम्ही इंग्रजी भाषांतरांतून वाचलेले. मनात कुतूहल एकाच गोष्टीचे होते. आधुनिक हिब्रू साहित्य ज्यांनी उभे केले, त्या पिढीतील बहुतेकांची ती पाळण्यातली भाषा नव्हती. मग या घरांतून बोलले तरी काय जात असे?

तेल अवीवमधील ॲलेन्बी रस्त्यावरून आत वळले की बियालिक रस्ता लागतो. हाईम नाखमान बियालिक हयात असतानाच रस्त्याला त्याचे नाव दिले गेले होते. त्याचा जन्म १८७३चा, आजच्या युक्रेनमधील एका खेड्यातला. १९२४ साली तो तेल अवीवमध्ये स्थायिक झाला आणि योसेफ मिनोर या वास्तुविशारदाने त्याच्यासाठी हे घर बांधले. कमानी, मनोरा, आत निळ्या-हिरव्या-लाल रंगांच्या भिंती, आणि बेझालेल या कलाशाळेत घडवलेल्या चित्रमय फरशांनी मढवलेले खांब. पूर्व आणि पश्चिम यांचा संगम साधण्याचा हा खटाटोप आम्हांस थोडा दरबारी वाटला. एखाद्या कवीने राहावे यापेक्षा एखाद्या राष्ट्राने पाहुण्यांना दाखवावे असे हे घर आहे. झालेही तसेच. भेटायला येणाऱ्यांची रीघ इतकी, की १९३३ साली कवी तिला कंटाळून शेजारच्या रामत गानला राहावयास गेला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात शस्त्रक्रियेनंतर त्याचा मृत्यू झाला.

या घरात त्याने कविता फारच थोड्या लिहिल्या. त्याची थोर कविता आधीच, बव्हंशी ओडेसाच्या वर्षांत, लिहून झाली होती. कवीच्या मौनाची कारणे शोधणे हा समीक्षकांचा आवडता छंद असतो, आणि आम्ही त्यात भर घालणार नाही. पण एक गोष्ट त्या लाल भिंतींपुढे उभे असताना मनातून जाईना. बियालिकने आपली कविता पूर्व युरोपातील यहुद्यांच्या, म्हणजे अश्केनाझी, उच्चारात रचली. त्या उच्चारात शब्दाचा आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर पडतो. पॅलेस्टाइनमध्ये रूढ झालेल्या नव्या हिब्रूने मात्र सफार्दी धर्तीचा उच्चार स्वीकारला, आणि त्यात आघात बहुशः शेवटच्या अक्षरावर गेला. परिणाम असा, की ज्याला राष्ट्रकवी म्हणून डोक्यावर घेतले, त्याच्याच ओळी त्याच्याच रस्त्यावरची मुले वाचू लागली की त्यांचे वृत्त मोडे! शब्द तेच, अर्थ तोच, फक्त गाणे नाहीसे. (अभंग वाचताना लय हरवली तर काय उरते, हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको.) काही बालगीते त्याने नव्या उच्चारात लिहून पाहिली. घरात, मित्रांत तो यिद्दिशच बोले. रस्त्यात यिद्दिश बोलल्याबद्दल भाषारक्षक तरुणांनी त्याला हटकल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. ज्याने भाषा घडवली त्यालाच भाषेची शिस्त शिकवणारे तरुण सर्व देशांत असतात. असो.

तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर त्रुम्पेल्दोर रस्त्यावरील जुनी दफनभूमी आहे. १९०२ची, म्हणजे खुद्द शहराहून जुनी. बियालिक येथे अहाद हाअमच्या शेजारी विसावला आहे. काफ्काची हस्तलिखिते आगीपासून वाचवणारा माक्स ब्रोडही येथेच. पण आम्ही अधिक वेळ थांबलो ते १९२१च्या दंगलीत मारल्या गेलेल्यांच्या सामायिक कबरीपाशी. त्यांत योसेफ हाईम ब्रेनर आहे. त्या मे महिन्यात याफाच्या सीमेवरील एका घरात त्याची हत्या झाली. त्याच्या अखेरच्या लेखनात एक छोटी नोंद आहे. संध्याकाळी बागांमधून चालताना त्याला एक अरब कामकरी मुलगा भेटतो, काहीतरी सांगू पाहतो, आणि आपण अरबी शिकलो नाही याची लेखकाला टोचणी लागते. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मारला गेला. हा योगायोग कोणी कथेत घातला असता तर आम्ही त्याला बटबटीत म्हटले असते. ऑक्टोबर २०२३चा हत्याकांडाचा दिवस आणि त्यानंतरचा गाझाचा विध्वंस यांच्या बातम्या वाचताना आम्हांस ती नोंद पुन्हा पुन्हा आठवली. तिच्यातून कोणताही तोडगा निघत नाही.

जेरुसलेममध्ये तालपियोत भागात श्मुएल योसेफ अग्नोनचे घर आहे. बियालिकच्या घरानंतर ते जवळजवळ उघडेबोडके वाटते. चौकोनी, पांढरट, वरच्या मजल्यास लहान खिडक्या. त्यामागे इतिहास आहे. १९२४ साली जर्मनीतील बाड होम्बुर्गमध्ये अग्नोनचे घर जळाले आणि हजारो ग्रंथांसह एका कादंबरीचे हस्तलिखितही गेले. १९२९च्या दंगलीत तालपियोतमधील त्याचे भाड्याचे घर लुटले गेले. १९३१ साली बांधलेले हे घर त्यामुळे थोडेसे गढीसारखे आहे. वरच्या खोलीत भिंतभर पोथ्या आणि उभ्याने लिहावयाचे मेज. त्याचे अक्षर इतके अवघड, की ते लावून टंकलिखित करण्याचे काम पत्नी एस्थेरकडे असे. ती कोनिग्सबर्गची, जर्मन बोलणारी. १९६६च्या नोबेल पारितोषिकामागे ही एका जर्मनभाषक स्त्रीची बोटे आहेत, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. समोरच योसेफ क्लाउस्नर राहत असे. हा विद्वान शेजारी अग्नोनला मुळीच आवडत नसे, आणि आज अग्नोनच्या घराचा पत्ता 'क्लाउस्नर रस्ता' असा आहे. नगरपालिकांचा विनोद नकळत उत्तम साधतो.

परतीच्या वाटेवर आम्ही लोद येथे उतरलो. हे साहित्यतीर्थ नव्हे. ओळखीच्या एका बेने इस्राएल कुटुंबातील आजींना भेटायचे होते. आडनावात अलिबागजवळचे गाव, बोलीत अजून कोकण. ''या, बसा, चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही,'' असे स्वच्छ मराठीत ऐकले आणि आठवडाभर अक्षरे जुळवत फिरलेले आमचे डोके हलके झाले. मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची पोथी, १८७४ साली पुण्यात छापली गेली होती. आजींकडे तशाच प्रकारची, पुढच्या काळातली, वडिलांची प्रत होती. एका बाजूस हिब्रू, दुसऱ्या बाजूस देवनागरी. ''लहानपणी हिब्रू देवाशी बोलायची, मराठी आईशी,'' त्या म्हणाल्या. ''आता नातवंडांशी हिब्रू बोलते, तर ती माझ्या उच्चारांना हसतात.'' आम्ही त्यांना बियालिकच्या मोडलेल्या वृत्ताची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ हसल्या, आणि मग नातीला हाक मारून तीच गोष्ट त्यांनी हिब्रूत सांगितली.

शेवटी उत्तरेस गालीलच्या समुद्राकाठी, किन्नेरेतच्या दफनभूमीत गेलो. कवयित्री राहेल येथे आहे. १८९०चा जन्म, रशियातील सारातोवचा. रशियन कविता लिहिणारी ही मुलगी १९०९ साली आली आणि रेहोवोतमध्ये बालवाडीतल्या मुलांचे बोलणे ऐकत हिब्रू शिकली. मोठ्यांनी मुलांकडून भाषा घ्यावयाची, हा उलटा वारसा! पुढे क्षय झाला. मुलांमध्ये राहणे धोक्याचे म्हणून देगानियाच्या वसाहतीतून तिला जावे लागले, आणि १९३१ साली ती तेल अवीवमध्ये वारली. तिची हिब्रू साधी, बोलती आहे, असे जाणकार सांगतात. २०१७पासून तिचे चित्र वीस शेकेलच्या नोटेवर आहे.

कबरीजवळ एका पेटीत तिच्या कवितांचा संग्रह साखळीने बांधून ठेवलेला असतो. पाने बोटांनी मऊ झालेली. आमच्या आधी आलेल्या शाळकरी मुलींपैकी एकीने तो उघडला आणि न अडखळता मोठ्याने वाचू लागली. आम्हांस शब्द कळले नाहीत. आघात मात्र ऐकू येत होते.