नव्या माशांचे विलगीकरण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरच्या फिशटँकसाठी चार काळे मोली आणले. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि मासे सोडून दिले. झालं काम, असं मला वाटलं.

पाचव्या दिवशी त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले. दोन आठवड्यांत टाकी निम्मी रिकामी झाली. मुलाने तीन वर्षं सांभाळलेला एंजल मासाही गेला.

त्या रात्री तो म्हणाला, "आई, कोरोनात बाबा मुंबईहून आले तेव्हा त्यांना १४ दिवस गावच्या शाळेत ठेवलं होतं ना? मग या माशांना का नाही ठेवलंस?"

वर्गात मी साथीचे रोग शिकवते, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझी होती, तसं त्याला सांगितलं.

हा परजीवी माशाच्या कातडीत वाढतो, मग गळून तळाशी पडतो. तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच. कल्ल्यांत लपलेला परजीवी तर आपल्याला दिसतही नाही. म्हणून नवे मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवायचे.

आता आमच्याकडे त्यासाठी २० लिटरचा टब आहे. स्पंज फिल्टर, जाळी, मग, सगळं वेगळं. मुलगा रोज वहीत लिहितो: खाल्लं का? अंग घासतो का? पंख मिटलेत का?

आज नव्या जोडीचा १९वा दिवस. "सोडू या का आता?" घाई मलाच झाली होती. तो म्हणाला, "अजून ९ दिवस, आई."

तुमच्या घरी मासे असतील, तर ही वही मुलांच्याच हाती द्या.