काजळी

लहानपणी दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसणं हे माझं काम होतं. चिमूटभर राख, जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि काच तडकू नये म्हणून रोखून धरलेला श्वास. "रोज पुसायची, तर रोज धरतेच कशाला ही काजळी?" असं एकदा वैतागून विचारलं होतं. आई चुलीपुढून न उठता म्हणाली, "दिवा लागतो म्हणून."

आता सत्तरीला टेकलोय आणि रोज संध्याकाळी पुन्हा काच पुसतो. ही काच आमच्या खंड्याच्या गॉगलची.

खंड्या सहा वर्षांचा जर्मन शेफर्ड. आमच्या आळीत त्याला सगळे 'अल्सेशन'च म्हणतात. निवृत्तीनंतर आम्ही पाचगणीला राहायला आलो, तेव्हा तो पिशवीत मावेल एवढा होता. सकाळची आमची फेरी टेबललँडवर. जांभ्याचं ते सपाट पठार, पायाखाली तांबडा खडक आणि वर आडोसाच नसलेलं आभाळ. गेल्या थंडीत त्याच्या उजव्या डोळ्यात, बाहेरच्या कोपऱ्याशी, गुलाबीसर झिरझिरीत पदर दिसला. धूळ गेली असेल, असं म्हणून मी गुलाबपाण्याचा बोळा फिरवला. महिन्याभरात पदर बुबुळावर सरकला आणि त्याच्या मागून तपकिरी रंग चढू लागला. मग डाव्या डोळ्यातही तेच. तेव्हा कुठे आम्ही पुण्याला गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी डोळ्यात केशरी कागदाची पट्टी टेकवून रंग सोडला आणि निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावर जखम असली, तर हा रंग तिथे हिरवा चमकतो. आणि जखमेवर स्टेरॉइडचे थेंब पडले, तर डोळाच जायचा. जखम नव्हती. "याला पॅनस म्हणतात," त्या म्हणाल्या. "शरीराची राखण करणारी फौज स्वतःच्याच डोळ्यावर चालून जाते. या जातीत फार दिसतं. बरं होत नाही, आटोक्यात राहतं. थेंब जन्मभर." मग सहज विचारलं, "काका, राहता कुठे तुम्ही?"

पाचगणी म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. उन्हातले अतिनील किरण या दुखण्याला खतपाणी घालतात आणि जितकं उंच जावं तितके ते प्रखर होतात. आमचं गाव जवळजवळ 1,300 मीटरवर. जिथे एके काळी क्षयाच्या रोग्यांना हवापालटासाठी आणत, त्या हवेच्या लोभाने आम्ही इथे आलो. माझी छाती सुधारली. त्याची किंमत खंड्याच्या डोळ्यांनी मोजली, हे मला त्या दवाखान्याच्या बाकावर कळलं.

"याला गॉगल लावा," बाई म्हणाल्या. मला हसू आलं, त्या हसल्या नाहीत. अमेरिकेचे फौजी कुत्रे इराकच्या वाळूत असेच गॉगल घालून हिंडले. माणसाचा चष्मा चालत नाही. नाक आडवं येतं आणि बाजूने ऊन शिरतं. कुत्र्याच्या गॉगलच्या काचा फुगीर, कडेला स्पंज, एक पट्टा हनुवटीखाली आणि एक डोक्यामागे. काच नुसती काळी असून भागत नाही, तिने अतिनील किरण अडवायला हवेत.

पहिल्या दिवशी त्याने पंजाने तो तीन वेळा उपसून काढला. मग उकडलेल्या चिकनचा एकेक तुकडा आणि पाच पाच सेकंद, असं करत तीन आठवडे गेले. पोरं विचारायची, "आजोबा, याची बुलेट कुठंय?" मी आधी ओशाळायचो. हल्ली सांगतो, सर्व्हिसिंगला दिलीय.

सवय त्याला झाली, मला होईना. आमचं सगळं बोलणं डोळ्यांचं. भुवईचं आतलं टोक उचलून तो बघायचा आणि मी ताटातली पोळी मोडायचो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाचलं, की भुवई तशी उचलणारा स्नायू कुत्र्यात ठळक असतो, लांडग्यात नावापुरता. म्हणजे माणसाच्या सोबतीत राहून घडलेली ती नजर, आणि मी तिच्यावर काळी काच ओढली. पठारावर त्याच्याकडे बघितलं, की काचेत मीच दिसायचो: माकडटोपी घातलेला, वाकलेला. त्याचं मात्र काही अडलं नाही. तो नाकाने माझी खबर घेत राहिला. पायाखालच्या जांभ्याचा तांबडा रंग तर त्याला कधीच दिसत नव्हता. त्याच्या जगात निळा आणि पिवळा हे दोनच खरे रंग. नजरेची गरज मलाच जास्त होती. आणि सहा वर्षं ती नजर ओळखणारा मी, तो डोळा नीट बघायला किती उशिरा वाकलो!

आता वाकतो. दिवेलागणीला गॉगल उतरवतो, तो हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवतो. थेंब पडला, की आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पडद्यासारखी सरकते आणि परत जाते. आपल्याकडेही होती म्हणे ती कधी काळी. नाकाजवळच्या कोपऱ्यातली गुलाबी घडी, तेवढी खूण उरलीय.

काल वीज गेली. बॅटरी लावली, तर अंगणातून दोन हिरवे दिवे माझ्याकडे येत होते. कुत्र्याच्या डोळ्याला पाठीमागून आरशासारखा थर असतो, मिळेल तेवढा उजेड तो परतवतो. डावा दिवा लख्ख होता. उजव्याच्या कडेला नखाएवढी काजळी. गेल्या महिन्यात होती तेवढीच.

मी बॅटरी खाली वळवली आणि चाचपडत थेंबांची बाटली शोधली.