सावंतवाडीच्या चितार आळीत

लहान मुलाच्या वाढदिवसाला काय द्यावे, हा प्रश्न पूर्वीच्या पिढीला फारसा पडत नसावा. पहिल्या वर्षी चांदीची वाटी नाहीतर वाळे, पुढे परकर-पोलके किंवा सदरा, औक्षण, आणि पानात काहीतरी गोड; एवढ्यावर वाढदिवस साजरा होत असे. खेळणे ही वाढदिवसाची वस्तूच नव्हती. ते जत्रेतून यावयाचे, नाहीतर मामाच्या पिशवीतून. आता नेमके उलटे झाले आहे. मुलांच्या घरी खेळण्यांना ठेवावयास जागा उरलेली नसते, आणि तरीही वाढदिवस जवळ आला की आजी-आजोबांच्या मनाला घोर लागतो. द्यावयाचे म्हणजे असे काही द्यावे, की जे त्या ढिगात बुडून जाणार नाही.

आमच्या नातीस या चैत्रात दोन वर्षे पूर्ण व्हावयाची होती. चिरंजीव हैदराबादेस असतात. सूनबाई करीमनगरकडच्या, मातृभाषा तेलुगू. पण आमच्याशी मराठीत बोलण्याचा त्यांचा कटाक्ष असतो, आणि वर्षागणिक त्यांचे मराठी अधिक गोड होत चालले आहे. नातीच्या कानावर आईची तेलुगू, शेजारची हिंदी आणि पडद्यावरची इंग्रजी सारा दिवस पडते. मराठी तिच्या वाट्याला येते ती सकाळ-संध्याकाळ वडिलांकडून आणि रविवारी दूरध्वनीवरून आमच्याकडून. बेळगावात आमच्या चार पिढ्या कानडीच्या शेजारी मराठी बोलत नांदल्या. तेव्हा शेजारच्या भाषेचे आम्हांस भय नाही. परंतु ज्या शब्दाला हातात धरता येईल अशी वस्तू घरात नसते, तो शब्द मुलाच्या तोंडी टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून यंदाची भेट थोडी शब्दांसह द्यावी, असे आम्ही उभयतांनी ठरविले.

सूनबाईंना विचारता त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. "आई, फार मोठे काही आणू नका, घरात जागा नाही. आणि ती अजून सगळे तोंडात घालते, तेवढे बघून घ्या." या दोन वाक्यांची शिदोरी घेऊन आम्ही फाल्गुनात सावंतवाडीचा रस्ता धरला.

लाकडी फळांसाठी बेळगावकरास एवढे दूर जाण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. गोकाक आमच्याच जिल्ह्यात. तेथील रंगीत लाकडी फळे आमच्या लहानपणी घरोघरी काचेच्या कपाटात असत. परंतु ती कपाटातच असत. सावंतवाडीस फळांबरोबर लाखकामाची खेळणीही मिळतात, आणि करणाऱ्या माणसाशी आपल्या भाषेत बोलून, चार प्रश्न विचारून वस्तू घेता येते, हे तिकडे वळण्याचे कारण.

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणारा हा रस्ता जुना आणि मानाचा. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावच्या लष्करी छावणीचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि आंबोलीच्या घाटाने वर चढे. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. पाटणे फाटा मागे पडला की उसाची शेते विरळ होऊ लागतात आणि झाडी दाटत जाते. आंबोलीस हिरण्यकेशीचा उगम आहे. येथून निघालेले पाणी पूर्वेकडे वाहत आमच्याच बाजूला घटप्रभेस मिळते, आणि आपण मात्र पश्चिमेकडे कोकणात उतरतो. पावसाळ्यात हा घाट धुके आणि धबधबे यांसाठी गजबजतो; फाल्गुनात तो शांत असतो.

घाट उतरताना मध्येच एक पर्णहीन झाड लालभडक फुलांनी पेटल्यासारखे उभे दिसले. तो पांगारा. अंगावर काटे, पानांचा पत्ता नाही, आणि फांदीफांदीवर पक्ष्यांची गर्दी. सौ. म्हणाल्या, "ज्याच्यासाठी निघालो, तो वाटेतच भेटला की!" ते खरेच होते. सावंतवाडीची फळे पूर्वापार घडविली गेली ती या पांगाऱ्याच्या लाकडातून. हे लाकूड वजनाला हलके आणि पटाशीला मऊ. वाळले म्हणजे मुलाच्या चिमुकल्या हाताला पेलेल असे. सुताराच्या लेखी पांगाऱ्याला किंमत नाही. त्याचे दार होत नाही की तुळई होत नाही. पण जो हलकेपणा घराच्या कामी दोष, तोच खेळण्याच्या कामी गुण ठरला.

सावंतवाडी हे एका संस्थानाच्या राजधानीचे गाव. सुंदरवाडी हे तिचे जुने नाव. गावाच्या मध्यभागी मोती तलाव, काठावर राजवाडा, पाठीशी नरेंद्र डोंगर. तलावाच्या कडेने चालत गेले की गाव समजते. भोसले घराण्याने येथे कलावंतांना आश्रय दिला, आणि त्या आश्रयाने चितारी मंडळींची जी वस्ती झाली ती चितार आळी. रंगविलेले पाट, देव्हारे, पाळणे, भातुकली आणि फळे यांबरोबरच गंजिफा ही येथील खास वस्तू. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने, अशी एकूण 120 पाने असतात. पूर्वी कापडाच्या थरांवर चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप देऊन ती तयार करीत. बाबराने 1527 साली सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणजे भेट म्हणूनही या पत्त्यांना जुनी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ लोपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी 1970 नंतरच्या दशकात पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात तिला जागा दिली, आणि नवे हात तयार केले. एखादी कला नाहीशी होण्यास एक पिढी पुरते, आणि वाचविण्यास कधी कधी एका म्हाताऱ्या माणसाची आठवण पुरते, हे येथे येणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

गंजिफा दोन वर्षांच्या मुलीसाठी नव्हेच. म्हणून त्या डोळे भरून पाहिल्या आणि आम्ही आळीत आलो. दुकानांच्या दर्शनी भागात फळांच्या परड्या मांडलेल्या: आंबा, फणस, सीताफळ, केळीचा घड, काजूबोंड, वांगी, मिरच्या, तोंडली. फणसावरचा एकेक काटा कोरलेला, सीताफळाचे डोळे उठावदार, आंब्याच्या गालावर पिवळ्यातून तांबूस होत जाणारी छटा. रस्त्यापलीकडे एक बाई खरी काजूबोंडे घेऊन बसली होती. दोहोंत डावे-उजवे करणे कठीण.

एका दुकानात साठीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा: "चेडवाक व्हया की झिलाक?" मुलीसाठी, असे सौ.नी सांगितले. दुसरा प्रश्न आला, "वरसां किती?" दोन, असे म्हणताच त्यांनी पुढ्यातली लिंबे, आवळे, मिरच्या, तोंडली हाताने सरळ बाजूला सारली. जे मुलाच्या तोंडात संपूर्ण मावते, ते तीन वर्षांच्या आतल्या मुलाला द्यावयाचे नाही, हा नियम त्यांना कोणा कायद्याने शिकविलेला नव्हता. गिऱ्हाइकाने मागितले तरी विकणार नाही, असा त्यांचा आविर्भाव पाहून आमचा विश्वास बसला.

मग आम्ही आमचे प्रश्न काढले. पहिला रंगाचा. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांस 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून तो लागू आहे. खेळण्यांवर मानकाची खूण असणे 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे झाले. मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालाला त्यातून सूट मिळालेली आहे. ही सूट योग्यच. नाहीतर एकेका खेळण्याच्या तपासणीचा खर्च त्या बिचाऱ्यांना पेलला नसता. परंतु जेथे खूण नाही, तेथे विचारण्याचे काम घेणाऱ्याकडे येते. ओला पांढरा रुमाल घासून पाहिला तर रंग सुटतो की नाही एवढेच कळते, शिसे कळत नाही. ते रंगाच्या डब्यावर वाचावे लागते. गृहस्थांनी कुरकुर न करता डबा आणून दाखविला. दुसरा प्रश्न देठाचा. काही फळांना देठ बारीक खिळ्याने जोडलेला असतो. तो हलतो का, हे प्रत्येक फळ हातात घेऊन पाहावे. ज्याचा देठ त्याच लाकडातून कोरलेला आहे, ते उत्तम. तिसरा प्रश्न वस्तूच्या जन्मगावाचा. त्यावर त्यांनी मागच्या फळीकडे बोट करून सांगितले, की तो माल बाहेरगावचा आहे, आमच्या हातचा नव्हे. पांगाऱ्याचे लाकूड पूर्वीसारखे मिळत नाही, मुले मुंबई-गोव्याकडे गेली, आणि दुकान तर भरलेले दिसावयास हवे, हेही त्यांनी सांगून टाकले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती; हिशोब होता.

आळीतच पुढे एका घरात लाखकाम चालले होते. विजेवर फिरणाऱ्या लेथला लाकडाचा तुकडा लावलेला. कातारी पटाशीने तो गोल करतो, काचकागदाने घासतो, आणि मग फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. वर केवड्याची वाळलेली पात दाबली की ती सारखी होऊन आरशासारखी चकाकते. ब्रश नाही, वाळण्यासाठी थांबणे नाही. लाख हा एका किड्याने झाडावर केलेला राळेसारखा पदार्थ. तिच्यापासून केलेला लेप औषधी गोळ्यांवरही देतात. तेव्हा तोंडात घालणाऱ्या मुलासाठी लाखकाम अधिक बरे. फक्त लाखेत मिसळलेला रंग कोणता, हे येथेही विचारावेच. येथील कारागिराने पिवळ्यासाठी हळद वापरतो, असे सांगितले.

परतण्यापूर्वी तलावाच्या कट्ट्यावर बसून आम्ही निवड केली. नातीच्या हातात चोवीस तास राहील असे एक लाखकामाचे खेळणे: दांडीवर ओवावयाची, मोठ्यापासून लहानापर्यंत पाच कडी, आणि त्यांतले सर्वांत लहान कडेही तिच्या मुठीहून मोठे. आणि दुसरे, पाच फळे: आंबा, फणस, सीताफळ, केळे आणि काजूबोंड. ही मोठ्यांनी मांडीवर घेऊन खेळावयाची, खेळ संपला की परडी वर ठेवावयाची. परडी एवढीशीच, जागेचा प्रश्न मिटला. सौ.नी चिठ्ठ्या लिहिण्याचा विचार केला होता, प्रत्येक फळाला त्याचे मराठी नाव. ते आम्ही केले नाही. दोन वर्षांच्या मुलाला अक्षर नको असते, आवाज हवा असतो.

वाढदिवसाला आम्ही हैदराबादेस गेलो. औक्षण झाले, कडी ओवून झाली, आणि संध्याकाळी परडी उघडली. आम्ही "आंबा" म्हणालो. सूनबाईंनी हसत "मामिडी" म्हटले. "सीताफळ" म्हणालो, तर त्या "सीताफलम्" म्हणाल्या. आणि आम्ही "फणस" म्हणून ते काटेरी फळ पुढे केले, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द आला "पनस". क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. संस्कृतातला पनस एका वाटेने गोदावरीच्या खालच्या अंगाला गेला, दुसऱ्या वाटेने फणस होऊन कोकणात उतरला, आणि या खोलीत दोघांची गाठ पडली. आमच्या कानडी शेजाऱ्यांचा हलसू तेवढा कानाला वेगळा.

मराठीसाठी नेलेली भेट अशी दोन भाषांची झाली, आणि तिचे मोल त्यामुळे उणावले असे आम्हांस वाटत नाही. जे घर दोन भाषांचे आहे, तेथे एकीला आणावयाचे म्हणून दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवता येत नाही. पुष्कळ पिढ्या सीमेवर राहिलेल्यांना हे निराळे सांगावयास नको. आपल्यापैकी ज्यांची नातवंडे दूरदेशी वाढत आहेत, त्यांनी भेट निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात असे आम्ही सुचवू: ती वस्तू मुलाच्या वयाला निर्धोक असावी, ती करणारा हात आपण पाहिलेला असावा, आणि तिच्याबरोबर घरातल्या प्रत्येकाला बोलण्यासारखे काही असावे. किमतीचा विचार यानंतर.

नात आता दोन्ही शब्द म्हणते. आजोबा समोर असले की फणस, आईच्या मांडीवर असली की पनस. कोणासमोर कोणता शब्द, हे तिला कोणीही शिकविलेले नाही.